निळा चंद्र आणि तेरावा महिना

माझी भाची सातवीत आहे. गेल्या आठवड्यात ती इंग्रजी वाक्प्रचारांची यादी घेऊन झोपाळ्यावर बसली होती. कड्यांच्या कुरकुरीच्या तालावर पाठांतर चाललं होतं. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित. ‘ॲट दि इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ म्हणजे वेळ कुणासाठी थांबत नाही. आणि एकदम झोपाळा थांबला.

“मावशी, चंद्र निळा होतो का गं?”

“होतो. पण क्वचित.”

“क्वचित माझं पाठ झालंय. कधी होतो ते सांग.”

तिच्या या प्रश्नामुळे आमची सगळी संध्याकाळ गेली, आणि दुसऱ्या दिवशीची दुपारसुद्धा. त्या दोन दिवसांत जे सापडलं ते तुम्हालाही सांगायलाच हवं.

तर आधी खराखुरा निळा चंद्र. २७ ऑगस्ट १८८३ या दिवशी इंडोनेशियात, जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मधल्या समुद्रात, क्राकाटोआ नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आकाशात खूप उंच गेले आणि वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर फिरले. त्यानंतर कितीतरी ठिकाणी लोकांना चंद्र निळसर दिसला. आपल्या दक्षिण भारतात त्या सप्टेंबरात सूर्यही हिरवट दिसल्याच्या नोंदी आहेत. १९५० साली कॅनडातल्या जंगलांना मोठे वणवे लागले. त्यांचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून गेला आणि स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या लोकांनी निळा सूर्य आणि निळा चंद्र पाहिला.

धुरामुळे चंद्र तांबूस दिसायला हवा ना? बहुतेक वेळा तसाच दिसतो. हवेतले अगदी बारीक कण निळा प्रकाश इकडेतिकडे उधळतात आणि तांबडा सरळ आपल्यापर्यंत येतो, म्हणून मावळतीचा सूर्य लाल दिसतो. पण कण थोडे मोठे, साधारण एक मायक्रॉनचे आणि बहुतेक सगळे एकाच मापाचे असले, तर उलटं होतं. ते तांबडा प्रकाश जास्त उधळतात आणि निळा पुढे येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या मापात सारखे कण आकाशात जमणं सोपं नाही, म्हणून निळा चंद्र दुर्मीळ.

“म्हणजे त्या स्फोटावरून हा वाक्प्रचार आला!” भाचीने निकाल देऊन टाकला.

नाही. इंग्रजीत हा वाक्प्रचार क्राकाटोआच्या आधीपासून आहे. त्याहून जुन्या इंग्रजीत ‘चंद्र निळा आहे’ म्हणणं म्हणजे काहीतरी अशक्य बोलणं होतं, आपण ‘सूर्य पश्चिमेला उगवला’ म्हणतो तसं. पण या निळ्या चंद्राचा आणखी एक अर्थ आहे आणि माझा जीव खरा त्याच्यात अडकलाय. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर लागतं.

इंग्रजी महिन्यात साधारणपणे एक पौर्णिमा असते. कधीतरी एकाच महिन्यात दोन येतात, तेव्हा दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला ‘ब्लू मून’ म्हणतात. तो निळा मुळीच नसतो, नेहमीसारखाच पिवळा-पांढरा असतो. ही व्याख्या एका चुकीतून जन्माला आली, हे मला फार आवडतं. अमेरिकेतल्या मेन या राज्यात शेतकऱ्यांसाठी एक पंचांग निघत असे. त्याचा नियम वेगळा होता. एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या, तर त्यातल्या तिसरीला ते ब्लू मून म्हणायचे. १९४६ साली जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या हौशी आकाशनिरीक्षकाने ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात लेख लिहिताना या नियमाचा अर्थ चुकीचा लावला आणि लिहिलं, महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून. लोकांना ते सोपं वाटलं, तेच पसरलं. १९९९ साली त्याच मासिकाने स्वतःची ती चूक शोधून छापली. तोवर सगळं जग दुसऱ्या पौर्णिमेलाच ब्लू मून म्हणायला लागलं होतं.

आता कॅलेंडर काढा. २०२६ सालचं. १ मे पाहा. महाराष्ट्र दिन आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा. आता बोट खाली आणत ३१ मेपर्यंत या. रविवार आहे आणि पुन्हा पौर्णिमा! म्हणजे हा ब्लू मून. आता त्या पौर्णिमेचा मराठी महिना वाचा. भाचीने मोठ्याने वाचला, “अधिक ज्येष्ठ.”

“अधिक म्हणजे?”

“म्हणजे तेरावा महिना,” आतून आजी म्हणाली. “धोंड्याचा. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचा.”

तुम्ही ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण ऐकली असेल. आधीच धान्य पुरत नाही, त्यात वर्ष नेमकं बाराऐवजी तेरा महिन्यांचं निघालं, म्हणजे आणखी एक महिना ओढाताण. संकटात आणखी भर पडली की आपण असं म्हणतो. इंग्रजीतला निळा चंद्र आणि मराठीतला तेरावा महिना हे दोघे एकाच गणिताची मुलं आहेत. ते गणित आम्ही झोपाळ्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर केलं. तुम्हीही करून बघा.

एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. याला १२ ने गुणलं की येतात सुमारे ३५४ दिवस. पण पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला सुमारे ३६५ दिवस लागतात. म्हणजे चंद्राचे बारा महिने दरवर्षी ११ दिवस आधीच संपतात. हे ११ दिवस साठत जातात. पहिल्या वर्षी ११, दुसऱ्या वर्षी २२, आणि तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आतच साठलेल्या दिवसांचा एक अख्खा चांद्रमास होतो. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी.

या साठलेल्या महिन्याचं करायचं काय? आपल्या पंचांगकर्त्यांनी त्याला वर्षातच एक जागा दिली. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याने राशी बदलली नाही, तर तो महिना अधिक धरायचा. म्हणूनच आपली दिवाळी शरद ऋतूतच राहते, सरकत सरकत उन्हाळ्यात जात नाही. इंग्रजी कॅलेंडर चंद्राकडे पाहतच नाही, त्याचे महिने ३० नाहीतर ३१ दिवसांचे, एक तेवढा २८-२९चा. पण म्हणून चंद्र थोडाच थांबतो? जास्तीची पौर्णिमा कुठल्यातरी महिन्यात शिरतेच. तिकडे त्या पौर्णिमेला नाव मिळालं, इकडे अख्ख्या महिन्याला.

एकोणीस वर्षांत इंग्रजी महिने होतात २२८. पौर्णिमा होतात २३५. वजाबाकी करा. सात. आणि एकोणीस वर्षांत अधिक महिने किती येतात? तेही सात. भाचीने वहीत त्या दोन्ही सातांभोवती गोल काढले आणि मग दोन्ही गोल एका रेघेने जोडले.

दोन्ही गोष्टी नेहमी एकाच वर्षी येतात असं मात्र समजू नका, दोघांचे नियम वेगळे आहेत. पण २०२० साली अधिक आश्विन होता, म्हणूनच पितृपक्ष संपला तरी नवरात्र महिनाभर आलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन पौर्णिमा होत्या आणि त्यातली दुसरी कोजागरीची. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि ऑगस्टमधली दुसरी पौर्णिमा होती नारळी पौर्णिमा. २०२६ साली तर ब्लू मून सरळ अधिक महिन्याच्या पोटातच येऊन बसलाय.

रात्री जेवताना विषय निघाला समुद्राचा, त्या ‘टाइम अँड टाइड’वरून. टाइड म्हणजे भरती, मग भरती माणसासाठी थांबत नाही हे ठीकच आहे. पण मजा अशी की हा वाक्प्रचार पहिल्यांदा बोलला गेला तेव्हा त्यातली टाइड समुद्रातली नव्हतीच! जुन्या इंग्रजीत ‘टाइड’ म्हणजे काळ, वेळ, हंगाम. नाताळच्या दिवसांना अजूनही ‘ख्रिसमसटाइड’ म्हणतात ते त्यातूनच. जर्मन भाषेत वेळेला ‘त्साइट’ म्हणतात, तो या शब्दाचा सख्खा भाऊ. समुद्राचं पाणी ठरलेल्या वेळी चढतं-उतरतं, म्हणून पुढे वेळेचा शब्द पाण्याला चिकटला.

आणि आपला ‘वेळ’ हा शब्द? तो आला संस्कृतातल्या ‘वेला’वरून. वेला म्हणजे वेळ, आणि वेला म्हणजे समुद्राचा किनारा आणि भरतीसुद्धा! मी हे पहिल्यांदा शब्दकोशात वाचलं तेव्हा पुस्तक हातात तसंच धरून बसून राहिले होते. कुठे ते इंग्लंडचं थंड पाणी आणि कुठे आपला समुद्र. पण दोन्हीकडच्या माणसांना वेळ आणि समुद्र यांच्यासाठी एकच शब्द पुरेसा वाटला.

कोकणात आजही समुद्राचं घड्याळ तोंडी वाचणारी माणसं आहेत. त्यांचा हिशेब असा: आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. हा ढोबळ हिशेब आहे, मागेपुढे होतो, पण त्यामागे पक्कं विज्ञान आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, आणि चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशेबाला याहून जवळ कसं जाणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने स्वतःच एक प्रश्न काढून आणला. इंग्रजीत वेळ सांगताना ‘फाइव्ह ओक्लॉक’ म्हणतात, त्यातला तो ‘ओ’ कसला? तो आहे ‘ऑफ द क्लॉक’चा, घासून घासून उरलेला तुकडा. म्हणजे ‘घड्याळाचे पाच’. घड्याळाचे असं मुद्दाम का सांगावं लागत असेल? कारण तेव्हा सूर्याचे पाच वेगळे असायचे! जुन्या रोमन पद्धतीत उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे बारा समान भाग करत आणि त्यांना तास म्हणत. दिवस लहान तर तासही लहान. रोममध्ये ऐन हिवाळ्यातला तास आपल्या सुमारे ४५ मिनिटांचा असायचा आणि ऐन उन्हाळ्यातला ७५ मिनिटांचा. (शाळेचे तास तसे असते तर, हा विचार भाचीच्या डोक्यात लगेच आलाच.)

यादीतला ‘इलेव्हन्थ अवर’, म्हणजे अकरावा तास, याच हिशेबातला आहे. बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाची एक गोष्ट आहे. तो सकाळपासून मजूर लावतो आणि अकराव्या तासालाही काही जणांना कामावर घेतो. तेव्हा वाजलेले असतात आपले संध्याकाळचे पाच. सूर्य मावळायला एकच तास उरलेला. म्हणून अकरावा तास म्हणजे शेवटची संधी. आपलं रात्रीचं अकराचं घड्याळ डोळ्यांपुढे आणलंत तर हा वाक्प्रचार कधीच उलगडणार नाही.

आणि ‘क्लॉक’ म्हणजे? मूळ लॅटिन शब्द ‘क्लोका’. अर्थ, घंटा. युरोपातल्या सुरुवातीच्या कितीतरी यांत्रिक घड्याळांना काटे नव्हते, तबकडीही नव्हती. दक्षिण इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचं एक घड्याळ आहे, लोखंडी चौकटीत दातेरी चाकं आणि दोऱ्या. त्याला आजही चेहरा नाही. ते घडवलंच होतं फक्त टोले द्यायला. वेळ बघायची नव्हती, ऐकायची होती!

आता मराठीत विचारा बरं वेळ. “किती वाजले?” वाजले! आपणही वेळ ऐकतच होतो. ‘तास’ म्हणजे मुळात टोल द्यायची धातूची तबकडी. कित्येक शाळांत अजूनही ती लटकवलेली असते आणि शिपाईकाका तिच्यावर हातोडी मारतात. तबकडीचं नाव तिच्या टोल्याला मिळालं आणि मग दोन टोल्यांमधल्या वेळेला. आज मनगटावरचं घड्याळ मुकाट चालतं, मोबाइल तर टिकटिकही करत नाही, तरी आपण “साडेपाच वाजले” असंच म्हणतो.

घड्याळ हा शब्द घटीवरून आलाय, आणि घटी म्हणजे छोटा घडा. आपल्याकडचं हे पाण्याचं घड्याळ मला सगळ्या घड्याळांत सुंदर वाटतं. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाला बारीकसं भोक. ही वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून ६० घटका. एका घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर साधत. ‘घटका भरली’ म्हणजे अंत जवळ आला, ‘घटका मोजणे’ म्हणजे शेवटाची वाट पाहणे, ‘घटकाभर बस’ म्हणजे थोडा वेळ बस. बोलताना आपण त्या वाटीतच हात घालत असतो.

बादशहा बाबराने बाबरनाम्यात हे घड्याळ बारकाईने वर्णन केलंय. शहरात उंच जागी पितळेची जाड थाळी टांगलेली असे, तिला घडियाल म्हणत. वाटी भरली की घडियाली तिच्यावर टोले देई. पहिल्या घटकेला एक, दुसरीला दोन. प्रहर संपला की पुन्हा एकपासून. बाबराला यात एक अडचण दिसली. मध्यरात्री जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर कळायचं कसं, कुठल्या प्रहराची तिसरी घटका? मग त्याने हुकूम काढला. आधी घटकेचे टोले द्यायचे, जरा थांबायचं, मग प्रहराचे टोले द्यायचे. तीन टोले, शांतता, मग एक टोला, म्हणजे पहिल्या प्रहराची तिसरी घटका. अंथरुणातून न उठता वेळ कळायची.

आम्हीही एक घटिकापात्र केलं. उभ्या कडांची जुनी ॲल्युमिनियमची वाटी घेतली, आजोबांनी दाभणाने तळाला भोक पाडून दिलं (हे काम मोठ्यांकडूनच करून घ्या) आणि बादलीत वाटी सोडली. चार मिनिटं दहा सेकंदांनी ती गपकन बुडाली. पुन्हा सोडली, चार मिनिटं बारा सेकंद. तिसऱ्यांदा, चार मिनिटं नऊ. आमच्या सहा वाट्या म्हणजे जवळजवळ एक घटका!

वाटी इतकी शहाण्यासारखी का वागते? गळकी बादली आठवा. भरलेली असताना जोरात गळते आणि पाणी उतरलं की थेंबथेंब. वरच्या पाण्याचा दाब कमी होत जातो ना. तरंगत्या वाटीचं तसं होत नाही. जेवढं पाणी आत येतं तेवढी ती खाली जाते, त्यामुळे आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांच्या पातळीतला फरक जवळजवळ तेवढाच राहतो. तो फरक तोच, तर दाब तोच. दाब तोच, तर पाणी एकाच वेगाने येणार. हे ज्याला किंवा जिला पहिल्यांदा सुचलं, त्या माणसाला मला भेटायला फार आवडलं असतं.

इंग्रजीतला ‘मोमेंट’सुद्धा पूर्वी असाच मापाचा होता. मध्ययुगीन युरोपात तासाचे ४० भाग करत आणि एका भागाला मोमेंट म्हणत. म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९० सेकंद. हे सांगून झालं तेवढ्यात आतून हाक आली, “अगं, चहा-पोळी गार होतेय, चला दोघी.” चौथी वाटी निम्मी भरली होती.

“पळभर थांब गं आई!” भाची ओरडली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. बादलीवरून नजर न हलवता ती पुटपुटली, “चोवीसच सेकंद मागितले की मी. मोमेंट म्हणायला हवं होतं.”